पाच नऊ नऊ, बावीस

अंतरवाली सराटी हे नाव आता कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. २०२३च्या ऑगस्टपर्यंत लागायचं. कॉलेजात कुणी गाव विचारलं की मी चार पायऱ्यांनी उत्तर द्यायचो. अंतरवाली सराटी. वडीगोद्रीजवळ. अंबड तालुका. जालना जिल्हा. चौथ्या पायरीला समोरच्याचा चेहरा जरा उजळायचा, “अच्छा, जालना! स्टीलवालं.” मग २९ ऑगस्टला गावात मनोज जरांगे पाटलांचं मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि त्या रात्रीपासून गावाचं नाव देशभरच्या बातम्यांत फिरायला लागलं. १४ सप्टेंबरला खुद्द मुख्यमंत्री गावात आले आणि उपोषण सुटलं. ज्या रस्त्यावर एसटीची वाट बघत मी अकरावी-बारावी काढली, त्याच रस्त्याच्या कडेला डोक्यावर डिश लावलेल्या चॅनेलच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या.

हा लेख त्या आंदोलनाबद्दल नाही. त्यावर बोलणारे, लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त जाणणारे आहेत. मी लिहितोय ते त्याच महिन्यात, त्याच गावच्या शिवारात, आमच्या आखाड्यावर बसून खेळलेल्या एका स्पर्धेबद्दल. जगभरचे हजारो लोक त्या शनिवार-रविवारी ती खेळत होते. त्यातल्या कुणालाही माझ्या गावाचं नाव नको होतं. त्यांना माझ्याकडून फक्त एक आकडा हवा होता. बावीस.

*

आधी थोडी ओळख करून देतो. हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ, हा परवाना घेऊन करायचा छंद आहे. केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. त्यात रेडिओचं शास्त्र असतं, नियम असतात, आणि वरच्या दर्जाचा परवाना हवा असेल तर मोर्स कोडही. पास झालात की तुम्हाला एक सांकेतिक नाव मिळतं. भारतातली बहुतेक नावं ‘व्हीयू’नं सुरू होतात. राजीव गांधींकडेही असा परवाना होता, त्यांचं नाव होतं व्हीयू२आरजी. हे नाव जगात एकट्या तुमचंच असतं. आडनाव नाही, जात नाही, गाव नाही. देश मात्र पहिल्या दोन अक्षरांतच कळतो.

हॅम लोक बोलतात, मोर्स वाजवतात आणि काही जण टाइप करतात. या टाइप करण्यातला सगळ्यात जुना प्रकार म्हणजे आरटीटीवाय, रेडिओ टेलिटाइप. मी कळफलकावर टाइप करतो, माझा सेट ते हवेत सोडतो आणि तिकडं जपानमध्ये कुणाच्या तरी पडद्यावर ती अक्षरं उमटतात.

“म्हंजे व्हॉट्सॲपच की,” माझा चुलतभाऊ म्हणाला होता.

दिसायला तसंच आहे. पण मधे टॉवर नाही, कंपनी नाही, सर्व्हर नाही, रिचार्ज नाही. मी आणि तो, आणि मधे फक्त आकाश. माझी लहर जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचावरच्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येते, पुन्हा वर जाते, पुन्हा खाली येते. तो थर सूर्यामुळं तयार होतो, म्हणून दिवस-रात्र, ऋतू, सूर्यावरचे डाग या सगळ्यावर आमचं बोलणं अवलंबून असतं. आणि निळ्या टिका नसतात. पोचलं की नाही, हे समोरच्यानं सांगितलं तरच कळतं.

ही भाषा आहे फक्त दोन सुरांची. २१२५ हर्ट्झचा एक आणि २२९५ हर्ट्झचा दुसरा. मधे १७० हर्ट्झचं अंतर. या दोन सुरांत सेट इतक्या भराभर उड्या मारतो की कानाला सर्दी झालेल्या रातकिड्यासारखं काहीतरी ऐकू येतं. एक उडी २२ मिलिसेकंदांची. पाच उड्यांचं एक अक्षर, पुढं-मागं सुरुवातीची आणि शेवटाची खूण. सगळं धरून एका अक्षराला १६५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला सहा अक्षरं. आजच्या काळात हा वेग हास्यास्पद आहे. आमच्या गावात रेंज नसताना फोटोसुद्धा याहून लवकर जातो.

पाच खुणांची ही कल्पना फ्रान्सच्या एमिल बोदोची. त्यानं १८७४ साली तिचं पेटंट घेतलं. पुढं डोनाल्ड मरे यानं ती टाइपरायटरसारख्या कळफलकाला जोडली. तारघरांत आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत रात्रभर खडखडणारे टेलिप्रिंटर या घराण्यातले. आपल्याकडं ते बनवायला १९६० साली मद्रासला हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा सरकारी कारखानाच निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशी जुनी यंत्रं भंगारात निघाली, तिथल्या हॅम लोकांनी ती उचलली आणि रेडिओला जोडली. आज ते लोखंडी धूड कुणाकडं नसतं. माकोतो मोरी नावाच्या जपानी हॅमनं लिहून फुकट वाटलेला एक छोटा प्रोग्रॅम जुन्या लॅपटॉपवरही ते काम करतो. यंत्र गेलं, भाषा राहिली.

आता गणित बघा. पाच जागा, प्रत्येक जागी दोनच शक्यता, म्हणजे एकूण ३२ खुणा. त्यात इंग्रजीची २६ अक्षरं बसवली की आकड्यांना जागाच उरत नाही. म्हणून युक्ती केली. एक खूण अशी ठेवली की ती आली की पुढचं सगळं आकड्यांच्या पानावरचं वाचायचं, आणि दुसरी खूण आली की परत अक्षरांच्या पानावर यायचं. ही पान उलटायची खूण वाटेत गोंगाटात हरवली, तर पाचाच्या जागी ‘टी’ उमटतो, नवाच्या जागी ‘ओ’ आणि दोनाच्या जागी ‘डब्ल्यू’. कळफलकाची वरची ओळ बघा, त्याच कळा आहेत. सरावलेला माणूस पडद्यावर ‘टीओओ डब्ल्यूडब्ल्यू’ बघतो आणि मनात ‘पाच नऊ नऊ, बावीस’ वाचतो.

मराठीला या ३२ खुणांत जागा नाही. काना-मात्रा-वेलांटी-जोडाक्षरं कुठं बसवणार? देवनागरी टेलिप्रिंटर पुढं आले, हिंदी वृत्तसंस्थांनी ते वापरलेही, पण हवेत जग जी भाषा बोलतं ती बोदो-मरेची, सगळी मोठी इंग्रजी अक्षरं. तिच्यात माझं गाव लिहिलं तरी अनुस्वार, ळ-लं काही कळणार नाही. आणि स्पर्धेत तर गाव लिहायचंच नसतं.

*

स्पर्धेचं नाव सीक्यू वर्ल्डवाइड आरटीटीवाय. १९८७पासून चालू आहे. दर वर्षी सप्टेंबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार. स्पर्धेचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीवर लावलेलं असतं, म्हणून आपल्याकडं शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू आणि सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. ४८ तास. जास्तीत जास्त लोकांशी संपर्क करायचा. दुसऱ्या खंडातला माणूस मिळाला तर तीन गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशातला मिळाला तर दोन, आपल्याच देशातला मिळाला तर एक. प्रत्येक नवा देश आणि प्रत्येक नवा विभाग मिळाला की गुणाकार वाढतो.

विभाग म्हणजे झोन. सगळ्या पृथ्वीचे ४० तुकडे केलेत. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव मिळून बावीस. पाकिस्तान शेजारच्या एकवीसमध्ये. अंदमान आपलं असूनही सव्वीसमध्ये. जपान पंचवीस, जर्मनी चौदा. इथल्या सीमा कुणी आंदोलन करून बदलायला मागत नाही.

एक संपर्क असा होतो. मी हाक घालतो. समोरचा स्वतःचं सांकेतिक नाव पाठवतो. मी त्याचं नाव परत लिहून पाठवतो, म्हणजे त्याला कळावं की मी बरोबर वाचलंय, आणि पुढं ‘५९९ २२ २२’. तो म्हणतो ‘५९९ १४ १४’. मी आभार मानतो. संपलं. पंधरा-वीस सेकंद.

यातलं ५९९ म्हणजे तुमचा आवाज किती स्वच्छ, किती जोरात आणि किती गोड येतोय याचे गुण. पैकीच्या पैकी. मजा अशी की समोरचा कितीही फाटका ऐकू येत असला तरी स्पर्धेत सगळे सगळ्यांना ५९९च देतात. कुणी ४३९ पाठवलं तर गोंधळच होईल. म्हणजे निरोपातला तो भाग केवळ राम राम. खरी माहिती एकच, झोन. तीही मी पाठवायच्या आधीच समोरच्याला माहीत असते, कारण माझं नाव ‘व्हीयू’नं सुरू होतं. मग पाठवायचं कशाला? दोनदा कशाला? हा प्रश्न मला पहिली दोन वर्षं पडला नव्हता. २०२३ला पडला.

*

२३ सप्टेंबर २०२३. शनिवार. आमच्याकडं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. आदल्या दिवशी त्यांचं जेवण झालं होतं आणि त्या दिवशी विसर्जन होतं. चौकात गणपती मंडळाचे भोंगे. गावात बाहेरगावच्या माणसांची वर्दळ चालूच होती. ऑगस्ट कोरडा गेलेला, कपाशी गुडघ्याच्या वर सरकली नव्हती, आणि अण्णांचा जीव मोसंबीत अडकलेला.

मी आखाड्यावर मुक्कामाला होतो. आमचा आखाडा म्हणजे मोसंबीच्या बागेला लागून दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. अँटिना म्हणजे तांब्याची तार, ६६ फूट, मधे तोडून दोन हातांची केलेली. एक टोक लिंबाला, दुसरं पाण्याच्या टाकीच्या लोखंडी अँगलला, मधला भाग बांबूवर. सात मेगाहर्ट्झला ती बरोबर बसते आणि तिप्पट, म्हणजे एकवीस मेगाहर्ट्झलाही चालते. तार रस्त्यावरून दिसते. त्या महिन्यात येणारा-जाणारा थांबून विचारायचा, “हे कोनत्या च्यानलचं?”

सेट जुना, जपानी, शंभर वॉटचा. पण आरटीटीवायमध्ये सूर अखंड चालू राहतो, बोलण्यासारखी मधे उसंत नसते, त्यामुळं सेट तापतो. मी पन्नास वॉटवर ठेवतो. आपल्या घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा कमी. त्यावर जपान ऐकतं, जर्मनी ऐकते. लाईट भरवशाची नाही म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणलेली असते. अण्णांनी ती देताना दर वर्षी एकच वाक्य म्हणायचं ठरलेलं आहे, “सोमवारी रोटा मारायचाय, ध्यानात ठेव.”

खरा शत्रू गोंगाट. रेडिओवरचा, भोंग्यांचा नाही. मोटारीचे स्टार्टर, स्वस्तातले एलईडी, सोलर पंपाचे कंट्रोलर, सगळे हवेत खरखर सोडतात. थ्री फेज आली की आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि माझ्या पडद्यावर कुणी न पाठवलेली अक्षरं उगवायला लागतात. आरटीटीवायला चूक ओळखता येत नाही. आता बहुतेक हॅम वापरतात ते एफटी८ हुशार आहे. नोबेल मिळालेल्या जो टेलर या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते २०१७ साली आणलं. त्यात चुका पकडायची सोय आत आहे, त्यामुळं ते एक तर पूर्ण निरोप दाखवतं नाही तर काहीच दाखवत नाही. आरटीटीवाय भोळं आहे. खरखरीलाही अक्षर समजतं आणि छापून टाकतं. खरं काय आणि खरखर काय, हे बघणाऱ्यानं ठरवायचं.

म्हणून लाईन गेली की मला आनंद होतो. गावातून “गेली, गेली” असा ओरडा येतो, मोटारी गप्प होतात, आणि माझ्या कानात आकाश एकदम खोल होतं. त्या शनिवारी दुपारी असंच झालं. एकवीस मेगाहर्ट्झवर एकामागं एक जपानी. मग ऑस्ट्रेलिया. ऊन उतरायला लागल्यावर युरोप. सूर्य त्या वर्षी त्याच्या अकरा वर्षांच्या फेऱ्यात माथ्याकडं चालला होता, त्यामुळं अठ्ठावीस मेगाहर्ट्झही उघडला होता. भारतातून आरटीटीवाय खेळणारे थोडे, त्यामुळं ‘व्हीयू’ दिसलं की लोक तुटून पडतात. पाच-पाच जण एकदम हाका घालतात आणि पडद्यावर सगळ्यांची मिळून खिचडी. त्यातून एक नाव निवडायचं.

*

संध्याकाळी चुलतभाऊ आला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पुण्यात नोकरी. महालक्ष्म्यांना घरी आला होता. तीन आठवडे तो पुण्यात बसून मोबाइलवर स्वतःचं गाव बघत होता. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“दादा, एक व्हिडिओ आला होता, खाली गावाचं नाव आपलं आणि दिसत होतं दुसरंच गाव. चाळीस लाख लोकांनी बघितला. मी खाली लिहिलं की हे आमचं गाव नाही. मलाच शिव्या.” मग जरा थांबून, “आणि नाव तर कुणी आंतरवाली, कुणी अंतरवली, कुणी सराटे.”

मी मान हलवली. कानाला हेडफोन होता, पडद्यावर एक इटालियन.

तो मागं उभा राहून बघत राहिला. “आत्ता हे कुठलं?”

“इटली.”

“आणि तू त्याला काय पाठवलं?”

“पाच नऊ नऊ, बावीस बावीस.”

“बस?”

“बस.”

तो चिडलाच. “जगभरची माणसं कान लावून बसलीत, तुझ्याकडं त्यांच्यापर्यंत जायचं साधन आहे, कुणाची परवानगी नको, कुणी एडिट करणार नाही, आणि तू त्यांना आकडे सांगतो? सांग ना, आपल्या गावात काय झालं ते.”

त्याच्या बोलण्यात दम होता. मी त्याला आधी सोपं उत्तर दिलं, नियमाचं. परवाना हौसेचा आहे, बातम्या प्रसारित करायचा नाही. हे खरं होतं, पण पुरेसं नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं. खरं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. मी त्याला दुसरा हेडफोन दिला आणि म्हणालो, “बस. जरा वाच माझ्यासोबत.”

साडेसहाच्या सुमाराला एक फार बारीक आवाज आला. खरखरीच्या तळाशी, विहिरीत खालून कुणी हाक मारावी तसा. पडद्यावर उमटलं ते असं: पहिलं अक्षर कचरा, मग ‘एस’, मग एक आकडा, मग दोन अक्षरं, शेवटचं गायब. मी ‘एजीएन’ पाठवलं. म्हणजे ‘पुन्हा सांगा’. पुन्हा आलं. आता पहिलं ‘झेड’ नीट, पण मधलं फुटलेलं. पुन्हा ‘एजीएन’. तिसऱ्यांदा शेवटचं अक्षर आलं आणि सुरुवात गेली.

भावानं तोवर माझ्या वहीचं मागचं पान उघडून तिन्ही वेळचं एकाखाली एक लिहून काढलं होतं. फुटलेल्या जागी फुल्या. त्यानं वरून खाली बोट फिरवलं आणि प्रत्येक रकान्यातलं एक-एक धड अक्षर उचललं. “झेड, एस...” त्यानं पूर्ण नाव वाचलं. मी ते टाइप करून पाठवलं. समोरून आलं, ‘क्यूएसएल’, म्हणजे बरोबर, आणि मग ‘५९९ ३८ ३८’. त्यातला पहिला ३८ ‘ईआय’ होऊन उमटला होता, दुसरा नीट. दक्षिण आफ्रिका. नवा देश, नवा झोन.

“दोनदा का पाठवतात ते कळलं,” तो म्हणाला.

नंतर बराच वेळ तो गप्प होता. दोन-तीन जर्मन झाले, एक पोलंड. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “दादा, त्या तीन आठवड्यांत एकानं तरी ‘एजीएन’ म्हणायला पाहिजे होतं.”

मला जे उत्तर सुचत नव्हतं ते हेच होतं. त्या महिन्यात आमच्या गावाबद्दल बोलणाऱ्यांची कमी नव्हती. इकडचे, तिकडचे, बाजूचे, विरोधातले, सगळे पूर्ण ताकदीनं सोडत होते. हवेत सूर खच्चून भरला होता. तुटवडा होता उतरवून घेणाऱ्यांचा. अर्धवट आलं तर ‘पुन्हा सांगा’ म्हणणाऱ्यांचा. स्पर्धेत ‘एजीएन’ म्हणण्यात कमीपणा नाही, उलट न म्हणता अंदाजानं लिहिणाऱ्याला दंड आहे. समोरचा ‘व्हीयू’ आहे म्हणजे बावीसच असणार हे माहीत असूनही तो माझ्याकडून बावीस ऐकून घेतो. गृहीत धरत नाही. माहिती म्हणून त्या आकड्याला काही किंमत नसेल, पण मी सांगितलं आणि त्यानं ऐकलं याचा तो पुरावा आहे.

भाऊ रात्री दोनपर्यंत बसला. जाताना म्हणाला, “उद्या किती वाजता?”

*

या स्पर्धेचा माझा सर्वात आवडता नियम हवेतला नाही, कागदावरचा आहे. स्पर्धा संपली की प्रत्येकानं आपली वही पाठवायची: कोण, केव्हा, कुठल्या फ्रीक्वेन्सीवर, काय पाठवलं, काय मिळालं. आता ती फाइल असते, पण आम्ही लॉग म्हणतो, म्हणजे वहीच. सगळ्या जगाच्या वह्या एका ठिकाणी जमतात आणि संगणक त्या एकमेकींशी ताडून बघतो. मी लिहिलं की अमक्याशी बोललो, पण त्याच्या वहीत मी नसलो, तर तो संपर्क झालाच नाही असं धरतात. वर दंड. त्याच्या वहीत मी आहे पण माझं नाव चुकलंय, तर त्याचे गुण जातात. दोघांच्या वहीत, एकाच वेळी, तंतोतंत सारखं असेल तरच ते बोलणं झालं.

सोमवारी पहाटे साडेपाचला माझ्या वहीत २१४ संपर्क होते. मोठी स्टेशनं हजारोंनी करतात, त्यामुळं याला कुणी हार घालणार नाही. सात वाजता बॅटरी ट्रॅक्टरवर परत गेली. काही महिन्यांनी तपासणीचा अहवाल आला. थोडे संपर्क कापले गेले होते, बहुतेक समोरच्यांच्या वहीत मी नव्हतो म्हणून. तीन जणांनी माझं नाव एका अक्षरानं चुकवलं होतं, एकानं बावीसचं एकवीस केलं होतं, म्हणजे मला पाकिस्तानात नेऊन ठेवलं होतं. उरलेल्या सगळ्यांनी मला जसंच्या तसं उतरवलं होतं. दक्षिण आफ्रिकावालाही त्यात होता. मी भावाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर, ‘५९९’.

२६ फेब्रुवारी २०२४ला जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद होतं. तेव्हा गावातल्या दोघा-तिघांनी येऊन विचारलं, “तुझ्या डब्ब्यातून चालतं का रे?” चालतं. ट्रॅक्टरची बॅटरी असेपर्यंत चालतं. १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा असेच हॅम लातूरकडं धावले होते, २००४च्या त्सुनामीत अंदमानात भारती प्रसाद या हॅम बाईंनी तिथून बाहेर निरोप पोचवले होते. तार तुटते, टॉवर पडतो, तेव्हा या जुनाट गोष्टी उपयोगी पडतात, आणि त्यासाठी सराव लागतो. स्पर्धा हा तोच सराव. फाटक्या आवाजातून नेमकं नाव उचलायचा सराव ४८ तास केलेला असेल, तर संकटात ‘दहा जखमी’ आणि ‘दोन जखमी’ यांतला फरक चुकत नाही. पण त्या दिवशी आलेल्यांना कुणाला मदत मागायची नव्हती, व्हॉट्सॲप बघायचं होतं. ते हसत परत गेले.

हॅम लोकांत संपर्कानंतर एकमेकांना पोस्टानं कार्ड पाठवायची पद्धत आहे. कार्डावर आपलं सांकेतिक नाव, तारीख, वेळ आणि पत्ता. इथं मात्र गाव लिहावं लागतं. मी माझ्या कार्डावर ते इंग्रजीतही लिहितो आणि खाली मोठ्या अक्षरात देवनागरीतही. त्या स्पर्धेनंतर जपानमधल्या एका हॅमला मी कार्ड पाठवलं. त्याच्याशी माझं बोलणं झालं होतं ते एवढंच, पाच नऊ नऊ बावीस आणि पाच नऊ नऊ पंचवीस.

त्याचं उत्तर आलं तेव्हा पोस्टमनकाकांनी पाकीट हातात देताना दोनदा उलटसुलट करून बघितलं. इंग्रजी पत्ता छापलेला होता. त्याच्या वर, निळ्या शाईनं, हातानं, एकेक रेघ ओढून, माझ्या कार्डावरचं बघून काढलं होतं: अंतरवाली सराटी. शिरोरेघा शब्दाच्या नंतर वेगळी ओढलेली कळत होती, जपानी माणूस चित्र काढतो तशी. पण अनुस्वार जागेवर होता. दोन्ही वेलांट्या दीर्घ होत्या.

“बराबर लिव्हलंय की,” काका म्हणाले.